शिवराक अण्णांची डबल बेल

मटणाच्या दुकानासमोर उभं राहून ‘मटण खाऊ नका’ असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्या सांगण्यामुळे त्या दुकानाचा खप वाढलेलाही मीच पाहिला. ते आमचे शेजारी, निवृत्तीअण्णा. मी भोरच्या शाळेत शिकवत होते तेव्हा त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एक होती. नाव निवृत्ती. आधी ते एसटीच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाले आणि मग मटणातून. पहिल्या निवृत्तीचा त्रास त्यांना एकट्याला झाला. दुसरीचा सगळ्या भोर-वेल्ह्याला.

आमच्याकडे शाकाहाराला शिवराक म्हणतात आणि बाकी सगळं वशाट. शाकाहार हा शब्द शाळेच्या पुस्तकातला, शिवराक हा चुलीपुढचा. ‘आज शिवराक हाय’ असं सांगताना आमच्या माणसाचा चेहरा जरा सुतकीच होतो. अण्णांनी मात्र तो शब्द झेंड्यासारखा उचलला आणि तालुकाभर नाचवला. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, अण्णा पंगतीत शिरून विचारणार, ‘‘शिवराक हाय का वशाट?’’ दहाव्याला वशाट कुठून असणार? पण विचारल्याशिवाय भाषणाला सुरुवात कशी करायची? शेवटी लोकांनी त्यांचं नावच शिवराक अण्णा ठेवलं.

हे झालं कसं तेही सांगायला हवं, कारण अण्णा ते वेगळं सांगत. त्यांच्या सांगण्यात एक साधुपुरुष येई, कधी स्वप्नात, कधी महाडच्या गाडीत. खरं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आखाड होता. श्रावणात तोंड बांधायचं म्हणून आखाडात आमचे लोक खाऊन घेतात. अण्णा वेल्ह्याकडे मेव्हण्याच्या गावी गेले, दुपारी जेवले, संध्याकाळी उरलेलं जेवले आणि घरी येऊन छातीला हात लावून ओट्यावर बसले. घामाने डबडबलेले. आम्ही रिक्षा बोलावली. रिक्षात त्यांनी एका हाताने सोनाकाकूंचा, म्हणजे आपल्या बायकोचा हात धरला, दुसऱ्या हाताने रिक्षाचा दांडा धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशी शपथ घेतली, ‘‘देवा, एवढ्या बारीला वाचव. आजपास्नं आमच्या घरात वशाट बंद. कायमचं!’’

दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली आणि अण्णांना ढेकर आला. असा ढेकर, की रिक्षावाल्याने मागे वळून टायर बघितलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गॅस आहे. पण तोवर शब्द गेला होता आणि अण्णा शब्दाचे पक्के. आता शब्द ‘आमच्या घरात’ असा गेला होता, ‘माझ्यापुरतं’ असा नव्हे. ज्या बाईचा हात धरून तो दिला, तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या वेळी मलाही त्यात काही खटकलं नाही. आम्ही सगळे त्या ढेकरालाच हसत होतो.

सोनाकाकू मूळच्या वेल्ह्याकडच्या, ओढ्याकाठच्या गावातल्या. पावसाळ्यात भाताच्या खाचरातून चिंबोऱ्या धरून आणाव्यात आणि रस्सा करावा, हे त्यांचं लहानपण. शपथेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदराखाली एक लोखंडी तवा घेऊन माझ्या दारात आल्या.

‘‘बाई, ह्यो तुमच्याकडं ठिवा. माज्या आईचा हाय. ह्याच्यावर ती बोंबील भाजायची. हे म्हनत्यात, भंगारात घाल. माजा तर हात व्हईना.’’

तवा माझ्या माळ्यावर गेला. काकू एवढंच बोलून परत चुलीकडे गेल्या. अण्णांच्या चहाची वेळ झाली होती.

तर मटणाचं दुकान. रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून, गंध लावून दुकानासमोर हजर व्हायचे. रांगेतल्या लोकांना आधी आपण काय सोडलं ते कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मग ते डोळे मिटून सुरू करायचे.

‘‘मटान म्हंजी काय असतं, आमाला इचारा. आदी कांदा-खोबरं आरावर भाजायचं, काळं हुस्तवर. पाट्यावर वाटायचं, मिक्सर न्हाई. मंग मटान बारक्या आचंवर ठिवायचं, झाकनीत पानी घालून. घंट्याभरानं बगा, वर लाल तवंग! त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची. आन् नळी... नळी अशी ताटात आपटायची, की आतला गर सुळ्ळकन्...’’

इथे अण्णा हवेतच एक नळी आपटायचे. रांग माना उंच करून बघायची. मग एकदम डोळे उघडून ते गरजायचे, ‘‘इष हाय, इष! नळीतलं समदं काळजाच्या नळीत जाऊन बसतंय!’’

पण शेवटचं वाक्य कोण ऐकतो? रांगेतला पहिला गडी आवंढा गिळून दुकानदाराला सांगायचा, ‘‘अर्धा म्हनलो हुतो, किलोच कर. आन् नळ्या टाक दोन.’’ दुकानदार हुशार. महिन्याभरात त्याने अण्णांसाठी दुकानाबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. अण्णांना वाटलं, त्याचंही हृदयपरिवर्तन होतंय.

त्यांचं एक वचन होतं, स्वतःच रचलेलं. ‘वशाट खाई तो दवाखान्यात जाई, शिवराक खाई त्याला डाक्टर म्हाईत न्हाई.’ हे वचन ते एसटी स्टँडवरच्या टपरीत वडा खाता खाता म्हणायचे. कारण वडा शिवराक. भजी शिवराक. जिलेबी शिवराक. साबुदाण्याची खिचडी तर शिवराकच्याही वरची, उपासाची. बटाट्याला ते राजा म्हणत. पँटी मागून उसवून घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, ‘‘बाई, ही चरबी न्हवं. हे सात्त्विक अंग हाय.’’

मी एकदा विचारलं, ‘‘अण्णा, शिवराकात पालेभाजीही येते ना? ती कधी दिसत नाही तुमच्या ताटात.’’

‘‘गुरांचं गुरांना ऱ्हाऊ द्या, बाई. कुनाच्या तोंडचा घास काढायचा न्हाई, हीच तर अहिंसा.’’

एकदा डॉक्टरांनी त्यांच्या रक्तात साखर जास्त सांगितली, तर दवाखान्यातून छाती काढून बाहेर आले. ‘‘साखरच हाय. साखर काय बोकडाच्या पोटातनं येती व्हय? शिवराकच!’’ अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. दगडाला काय होतंय?

मात्र त्यांच्या कंडक्टरकीला मी कधी हसले नाही. वेल्ह्याच्या आणि भोरच्या घाटवाटांवर त्यांनी उभी हयात काढली, आणि एक गोष्ट ते अभिमानाने सांगत, ‘‘एकबी पॅशिंजर खाली ठिवून म्या डबल बेल दिली न्हाई.’’ खरं होतं ते. लांबून बांधावरून एखादी म्हातारी पदर सावरत पळत येताना दिसली, की अण्णा दारात उभे राहून ड्रायव्हरवर ओरडायचे, ‘‘थांब की मर्दा, माणूस यायलंय!’’ आतले लोक शिव्या घालायचे. म्हातारी चढून, बसून, पदराने तोंड पुसेपर्यंत बेल नाही. उत्रोलीच्या बायका अजून त्यांचं नाव काढतात.

ही बेल त्यांनी घरी आणली होती. जेवायला बसले की पितळी पेला उजव्या हाताला आणि चमचा त्याच्याजवळ. पेल्यावर एकदा टिंग वाजलं, म्हणजे वाढ. आतून सोनाकाकू तव्यावरची भाकरी घेऊन धावत यायच्या. पुन्हा टिंग, म्हणजे वरण. पुन्हा टिंग, म्हणजे दही. आणि पोट भरलं की टिंग टिंग. डबल बेल. गाडी सुटली. जेवण झालं. अण्णा हात धुऊन ओट्यावर यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिवराकाचे फायदे सांगायचे. भिंतीपलीकडून आम्हाला रोज ती बेल ऐकू यायची. आमचे हे त्यावर घड्याळ लावायचे. गल्लीत सगळ्यांना ती एक गंमत वाटायची.

डबल बेलनंतर काकू जेवायच्या. दूध अण्णांच्या चहाला, खिरीला आणि दह्यालाच पुरायचं, म्हणून काकूंचा चहा कोरा, तोही जेवणाला लागूनच. वरण तळाला गेलेलं असायचं. भात आणि ठेचा. तोंडी लावायला कधी कांदा. पूर्वी निदान रश्शातली एखादी फोड, सुकटीची चिमूट त्यांच्या वाट्याला यायची. ते शपथेत गेलं, आणि त्याच्या जागी काय यायला हवं याचा विचार करायला अण्णांना वेळ नव्हता. त्यांना जग सुधारायचं होतं. काकू हळूहळू पिवळट दिसू लागल्या. पाण्याची कळशी घेऊन आमच्या तीन पायऱ्या चढल्या की भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. ‘‘वय झालं, बाई,’’ म्हणायच्या. माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या होत्या.

अशात, शपथेला दोन-तीन वर्षं झाल्यावर एका पावसाळ्याच्या तोंडी, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये बायकांची आरोग्य तपासणी ठेवली. आसपासच्या गावांतून बायका आल्या. अण्णा सर्वांच्या आधी आले आणि काकूंना हाताला धरून पुढे घेऊन आले. मला म्हणाले, ‘‘बाई, दोन शब्द बोलू द्या. पुरावा संगं आनलाय.’’

मी नको म्हणायच्या आत ते हॉलच्या मध्यभागी उभे होते. ‘‘मायबहिनींनो, हिकडं बगा. ही माजी मंडळी. त्या आखाडापास्नं शुद्ध शिवराक. मटनाचा वाससुदीक न्हाई. आता डाक्टरीनबाई हिचं रगत तपासतील आन् शिवराकात काय ताकद हाय ते तुमच्या म्होरं सांगतील!’’

काकू खाली बघत होत्या. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, नुकतीच भोरला आलेली. तिने काकूंना खुर्चीवर बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढली, जीभ बघितली, नखं बघितली. रक्ताचा थेंब घेतला. मशीनकडे बघून पुन्हा एकदा थेंब घेतला. मग विचारलं, ‘‘मावशी, पायाला मुंग्या येतात? चालताना दम लागतो?’’

‘‘येत्यात की. समद्यास्नीच येत्यात.’’

‘‘जेवता काय?’’

‘‘सात्त्विक!’’ अण्णा म्हणाले. ‘‘वरन, भाकरी, तूप, दही...’’

‘‘त्यांना बोलू द्या,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘मावशी, तुमच्या ताटात काय असतं?’’

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खरंच विचार करत होत्या त्या, जसं काही हे त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. मग म्हणाल्या, ‘‘गाडी सुटल्यावर जे ऱ्हाईल ते.’’

हॉल खो खो हसला. अण्णांची बेल सगळ्यांना ठाऊक होती. अण्णाही हसले, सवयीने, सगळ्यांच्या आधी. आणि सगळ्यांच्या आधी थांबले. म्हणजे काय ते त्यांना कळलं असावं. कंडक्टरला कळणारच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला त्या क्षणी त्यांची मुळीच दया आली नाही. माझीही आली नाही. रोज ती बेल ऐकून हसणाऱ्यांत मी होतेच की.

डॉक्टरने दोघांना बाजूला बसवून समजावलं. रक्त फार कमी होतं. असंच चाललं तर पुण्याला नेऊन रक्त चढवावं लागेल आणि काळजावर ताण येईल, असं ती स्पष्ट म्हणाली. लोहाच्या गोळ्या आणि बी-बाराची इंजेक्शनं लिहून दिली. तरी शेवटी अण्णांनी विचारलंच, ‘‘गोळी शिवराक हाय का?’’

‘‘गोळी शिवराक आहे, अण्णा. तुमचं जेवणही शिवराक आहे, त्यात काही वाईट नाही. फक्त त्यात यांचा वाटा नाही. कडधान्य, पालेभाजी, दूध-ताक, शेंगदाणे-गूळ, वर लिंबू पिळायचं, आणि जेवणाला लागून चहा नाही. मांस सोडलं म्हणजे शाकाहार झाला असं नसतं. त्या जागी काय खाल्लं ते बघायचं असतं. आणि ते खायला ताटावर आधी बसायला मिळावं लागतं.’’

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे बेल वाजली नाही. आमचे हे घड्याळ हातात धरून बसून राहिले.

दोन दिवसांनी काकूंची बहीण वेल्ह्याहून पिशवीत चिंबोऱ्या घेऊन आली आणि दारातूनच अण्णांवर बरसली. ‘‘काय दाजी, माज्या भनीला गवत खाऊ घालूनशान वाळिवली तुमी! हिला काळीज शिजवून घाला, रगत भरंल. हे शपथीचं बास झालं!’’ मीही माळ्यावरून तवा काढून घेऊन गेले होते. म्हटलं, आता लागेल.

अण्णा खाली मान घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, ‘‘शपथ माजी हाय. तुला मोकळीक हाय. खा तू. खानार असशील तर म्या सोता आनून देतो.’’ हे बोलताना त्यांना किती जड गेलं असेल ते मटणाच्या दुकानासमोरच्या खुर्चीलाच माहीत.

आम्ही तिघंही काकूंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पिशवीतल्या वळवळणाऱ्या चिंबोऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तव्याकडे.

‘‘वशाट नगं मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सवं मोडली आता. शिवराकच बरं हाय. पर मला ऊन जेवायचं हाय.’’

‘‘म्हंजी?’’ अण्णा म्हणाले.

‘‘ऊन. तव्यावरचं. लगीन झाल्यापास्नं म्या ऊन भाकर खाल्ली न्हाई.’’

बहिणीने चिंबोऱ्यांची पिशवी खाली ठेवली. तिनेही खाल्ली नसावी. मी तर शिकलेली, नोकरी करणारी. मी आठवून बघितलं, मलाही आठवेना.

त्या दिवशी काकूंच्या आईच्या तव्यावर अण्णांनी भाकरी थापायचा प्रयत्न केला. तिचा भारताचा नकाशा झाला, तोही काश्मीर जळालेला. तव्यावर कधीकाळी बोंबील भाजले जायचे, हे अण्णांना आठवलं की नाही देव जाणे. काकूंनी नकाशा तुकड्या-तुकड्याने खाल्ला, ऊन ऊन, फुंकर घालत, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्याचं म्हणून सांगितलं.

आता अण्णा सुधारले आणि नम्र झाले असं कुणाला वाटत असेल तर तो अण्णांना ओळखत नाही. त्यांनी चूक कबूल केली नाही. त्यांनी नवं शास्त्र काढलं. बाजारात शेपू, माठ, अळूच्या जुड्यांनी पिशवी भरून घ्यायचे आणि भाजीवालीलाच शेपूचे फायदे सांगायचे. हुलगे कसे भिजवावेत, मटकीला मोड कसे आणावेत यावर ओट्यावर प्रवचन. गुरांच्या तोंडचा घास काढायचा नाही, ही अहिंसा कधी गळून पडली ते त्यांनाही कळलं नाही. आणि नवं वचन, ‘बाईमानूस जेवलं मागं, तर समजा गाडी पडली रस्त्यामंदी.’ यमक जुळत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, ‘‘बाई, शास्त्र जुळतंय ते बगा.’’

हे वचन घेऊन ते रविवारी मटणाच्या दुकानासमोर गेले. रांगेतल्या प्रत्येक बाप्याला विचारायला लागले, ‘‘मटान नेतूयास, पर घरी पयला घास कोन खानार? तुजी मंडळी कवा जेवती? ऊन जेवती का गार?’’ रांगेत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, ‘‘ह्ये अण्णा आता लईच व्हाया लागलं.’’ दुसरा रांग सोडून पलीकडच्या दुकानात गेला. पुढच्या रविवारी खुर्ची नव्हती. मटण खाऊ नका, असं अण्णांनी इतके दिवस कानीकपाळी ओरडून सांगितलं तेव्हा कुणाला राग आला नव्हता. बायकोला आधी जेवू घाला म्हणाले, तर खुर्ची गेली. आमच्या तालुक्याचं पथ्यपाणी हे असं आहे.

काकूंचं रक्त हळूहळू भरलं. पावसाळा सरता सरता त्या कळशी घेऊन आमच्या पायऱ्या न थांबता चढल्या आणि वर येऊन माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू गडच चढून आल्या. मी कळशी उतरवून घेतली आणि आम्ही दोघी उगीचच हसलो.

पुढे अण्णा-काकूंच्या मुलीने त्या दोघांना आपल्याकडे नसरापूरला बोलावून घेतलं. तिला नोकरी, लहान मूल. आई-वडील जवळ हवे होते. जायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. बाहेर टेम्पोत सामान भरलेलं. गादी, कपाट, पिंप, सगळं वर. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

आत मोकळ्या घरात जमिनीवर दोन ताटं. अण्णांचं जेवण झालेलं, ताट रिकामं, हात वाळलेला. पण ते उठले नव्हते. सोनाकाकू जेवत होत्या. निवांत. आईचा तवा शेगडीवर होता. तो सगळ्यात शेवटी भरायचा ठरला असावा. काकूंनी भाकरीचा पापुद्रा काढला, त्यातून वाफ आली, तो मटकीत बुडवला आणि चावत बसल्या. बाहेर पुन्हा हॉर्न.

‘‘अण्णा, चला की! नसरापूरला टायमात जायचंय,’’ ड्रायव्हरने दारातून डोकं घातलं.

‘‘थांब की मर्दा,’’ अण्णा ओरडले, ‘‘माणूस यायचंय अजून!’’

मला वाटलं, काकू आता घाई करतील. आयुष्यभर केलीच होती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हात लांब करून अण्णांच्या पुढ्यातला पितळी पेला आपल्याकडे ओढला, चमचा घेतला आणि वाजवला. टिंग.

एकदाच.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले, कोपऱ्यातल्या चरवीतून वाटीत ताक ओतलं आणि काकूंच्या ताटाशी आणून ठेवलं. वर मला म्हणाले, ‘‘ताकानं पचन सुधारतंय, बाई. शास्त्र हाय.’’ काकूंनी ताक प्यायलं, वाटी पुसून चाटली, पदराने तोंड पुसलं. मग चमचा पुन्हा उचलला.

टिंग टिंग.

आणि गाडी सुटली.